पाठीवर टोपली, हातात सुया

सोयाबीन घरात आलं असेल, कुणाची बाजरी अजून खळ्यावर असेल. दिवाळी तोंडावर आहे, तरी सगळी कामं बाजूला सारून तुम्ही रेडिओजवळ बसलात, याचं आम्हांला बरं वाटतं. हात चालू राहू द्या. शेंगा फोडत, वाती वळत ऐकलंत तरी चालेल. आज ज्या बायकांची गोष्ट सांगणार आहोत, त्यांचेही हात कधी रिकामे नसत.

आमच्या केंद्रावर एक जुनं चित्र आहे, पोस्टकार्डावर छापतात तसं. उघड्या माळावरून एक बाई चालली आहे. पायघोळ घागरा, डोक्याला रुमाल, पाठीवर काडाची विणलेली मोठी टोपली. टोपलीत काळ्या ढेकळांसारखं काहीतरी शिगोशीग भरलेलं. ओझ्यानं ती पुढे वाकली आहे, पण दोन्ही हात मोकळे आहेत आणि त्या हातांत लोकर आणि सुया आहेत. ती चालता चालता विणते आहे.

पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा आम्ही हसलो. म्हटलं, ही तर आपलीच बहीण. डोक्यावर मोळी, काखेत पोर आणि तोंडानं गप्पा चालू. पुढे तिची माहिती काढत गेलो, तेव्हा हसू मावळलं. ती का मावळली, ते आज सांगतो.

ही बाई शेटलंडची. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शंभराहून जास्त लहानमोठी बेटं आहेत, त्यांना शेटलंड म्हणतात. त्यांतल्या थोड्याच बेटांवर वस्ती आहे. मुख्य गाव लर्विक. बेटं इतकी उत्तरेला आहेत की डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि जूनमध्ये मध्यरात्रीही पुरता काळोख होत नाही. झाडं फार कमी, वारा मात्र अखंड. आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा आणि कोजागिरीचं दूध. तिकडे शरद आला म्हणजे दिवस झपाट्यानं आखडतो, समुद्र खवळायला लागतो आणि घरात चूल पेटती ठेवावी लागते.

तिथल्या घरांमधली कामाची वाटणी आधी समजून घेऊ. जमीन थोडी आणि तीही जमीनदाराची. पुरुष उन्हाळाभर सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन खोल समुद्रात मासेमारीला जात. बरेच जण देवमाशांच्या शिकारीवर किंवा व्यापारी जहाजांवर महिनोन्‌महिने बाहेर असत. काही परत येत, काही येत नसत. 1881 सालच्या जुलै महिन्यात एका रात्रीच्या वादळात दहा होड्या बुडाल्या आणि 58 माणसं गेली. अशा ठिकाणी शेत, गुरं, मेंढरं, चूल, मुलं आणि म्हातारी माणसं, सगळं बायकांच्या अंगावर. एकोणिसाव्या शतकात त्या बेटांवर पुरुषांपेक्षा बायका बऱ्याच जास्त होत्या. लग्न न झालेल्या कितीतरी बायका आणि विधवा आपल्या हातांवर पोट भरत, आणि त्यासाठी हातात एक कला होती ती म्हणजे विणकाम.

आता शरदातला त्यांचा दिवस बघा. सकाळी ओट आणि जवाची कापणी. बटाटे काढायचे. केल नावाची कोबीच्या जातीची भाजी असते, ती दगडी कुंपणाच्या वाफ्यांत लावलेली, ती वाऱ्यापासून जपायची. गाईला गोठ्यात घ्यायचं. आणि जळण भरून ठेवायचं.

झाडंच नाहीत तर जळण कुठून आणायचं? तर तिथल्या दलदलीत हजारो वर्षं शेवाळ आणि गवत कुजून काळी माती झालेली असते. तिला पीट म्हणतात. वसंतात तिच्या विटा कापायच्या, उभ्या करून वाऱ्यावर वाळवायच्या, आपण गोवऱ्या थापून वाळवतो तशाच. वाळल्या की त्या घरी आणायच्या. चित्रातल्या टोपलीतली काळी ढेकळं म्हणजे हे पीट. माळ घरापासून लांब. जाताना टोपली रिकामी, येताना भरलेली, आणि अशा खेपा दिवसाला किती तरी. टोपलीचा पट्टा छातीवरून घेतला की हात मोकळे राहतात. मोकळे हात म्हणजे विणायचे हात.

चालता चालता विणणं ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, सुई हातातून निसटते. शेटलंडच्या बायकांनी त्यावर युक्ती काढली होती. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा. त्याला घोड्याच्या केसांनी भरलेली चामड्याची छोटी उशी, आणि उशीला भोकं पाडलेली. एका सुईचं टोक भोकात रोवलं की ती सुई हलत नाही. मग एक हात सैल सुटतो आणि टाके भराभर पडतात. मान खाली घालावी लागत नाही, वाट बघत चालता येतं. असा पट्टा शेटलंडच्या विणणाऱ्या बायका आजही वापरतात. विणकामाला त्यांच्या बोलीत जो शब्द आहे, त्याचा अर्थ नुसता ‘करणं’ असा होतो. बाई ‘करायला’ बसली म्हणजे विणायला बसली.

लोकरही घरचीच. तिथली मेंढी लहान चणीची, पण लोकर अतिशय मऊ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेंढीची लोकर आपोआप सैल होते, तेव्हा ती कातरायची नाही, हातानं अलगद उपटून घ्यायची अशी जुनी रीत. पांढरी, करडी, तांबूस तपकिरी, काळपट, असे मेंढीचेच रंग. त्यामुळे बऱ्याच वेळा रंगवायची गरजही पडत नसे. मानेजवळची लोकर सगळ्यांत बारीक. तिचं सूत इतकं नाजूक कातत की त्याची विणलेली भली मोठी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढून काढता येई. पैठणीबद्दल किंवा ढाक्याच्या मलमलीबद्दल आपण असंच ऐकतो. ही शाल मात्र मातीच्या जमिनीच्या, धुरकट घरात विणली जाई.

संध्याकाळी सगळी घरात. चुलीत पीटचा विस्तव, त्याला मंद ऊब आणि एक वेगळाच वास. वर आढ्याला खारवलेलं मटण टांगलेलं. शरदात मेंढरू कापायचं, मांस मिठाच्या पाण्यात मुरवायचं आणि मग चुलीवरच्या आढ्याला लटकवून धुरावर सुकवायचं. ते हिवाळाभर पुरे. त्याचा तुकडा, बटाटे आणि भाज्या घालून कढण करायचं, सोबत ओटाच्या किंवा जवाच्या पिठाची जाड भाकरी. शेटलंडच्या घरांत हे कढण आजही थंडीत होतं.

जेवणं झाली की शेजारणी जमत. आपल्याकडे पापडाला किंवा शेवयांना जशा चारचौघी एकमेकींच्या घरी जातात, तशा तिकडे लोकर पिंजायला जमत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. पिंजून झालं की खाणंपिणं आणि कुणी सारंगीसारखं वाद्य वाजवलं तर नाचही. कातणं, विणणं, गोष्टी सांगणं, लग्नं जुळवणं, उखाळ्यापाखाळ्या, सगळं त्या उबेला बसून चाले. लहान मुली आई-आजीशेजारी बसून शिकत. नक्षी कागदावर लिहिलेली नसे, ती डोक्यात आणि बोटांत असे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, किती छान. आम्हीही तसंच म्हटलं होतं. शेकोटी, गरम कढण, मऊ लोकर. पण आता पुढचं ऐका.

या विणकामाला गिऱ्हाईक जुनं होतं. सतराव्या शतकात हॉलंडचे मच्छीमार दर जूनमध्ये शेकडो जहाजं घेऊन लर्विकजवळ जमत. बायका त्यांना लोकरीचे पायमोजे विकत. पुढे तो व्यापार बसला. मग 1837 च्या सुमारास आर्थर अँडरसन नावाच्या शेटलंडच्याच माणसानं तिथलं नाजूक विणकाम इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला भेट दिलं. हा अँडरसन म्हणजे पी अँड ओ या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. या कंपनीची जहाजं पुढे आपल्या मुंबई बंदरात डाक आणि माणसं घेऊन येत. राणीनं वापरलं म्हटल्यावर मोठ्या घरच्या बायकांत शेटलंडच्या शालींची हौस पसरली. लर्विकमध्ये शाली विकत घेणारी दुकानं वाढली.

शाल विकायला बाई चालत लर्विकला येई. दुकानदार शाल उलटीपालटी करून बघे, किंमत सांगे. समजा, वीस शिलिंग. बाई खूश. पण हातात वीस शिलिंग पडत नसत. दुकानदार म्हणे, वीस शिलिंगांचा माल घे. कापड घे, चहा घे, फीत घे. पीठ? पीठ आम्ही ठेवत नाही. रोकड? रोकड हवी तर किंमत कमी होईल, आणि तीही थोडीच मिळेल. माल आज नको असेल तर एक चिठ्ठी देत. अमुक इतक्या किमतीचा माल या बाईला द्यावा, असं त्यावर लिहिलेलं. ती चिठ्ठी चाले फक्त त्याच दुकानात.

आता हिशोब करा. मालाचा भाव ठरवणार दुकानदार. शालीचा भाव ठरवणारही दुकानदार. बाईला घरभाडं रोख द्यायचं आहे, पीठ रोखीनं आणायचं आहे. मग ती काय करी? दुकानातून चहा घेई आणि तो घेऊन गावात दारोदार फिरे. कुणी शेतकरीण चहाच्या बदल्यात पीठ देईल का, बटाटे देईल का. गरज तिची, म्हणून चहा पडेल भावानं जाई. एकाच शालीवर ती दोनदा नाडली जाई, एकदा घेताना आणि एकदा विकताना.

सगळ्यांत कडू गोष्ट लोकरीची. ज्यांच्याकडे स्वतःची मेंढरं नसत, त्यांना विणायला सूत विकत घ्यावं लागे. पण चांगलं सूत हा रोखीचा माल मानला जाई. शालीच्या बदल्यात कापड मिळेल, चहा मिळेल, सूत मिळणार नाही. म्हणजे जिच्या बोटांवर हा सगळा धंदा उभा, तिला पुढची शाल विणायला लोकर घेण्यापुरतेही पैसे हातात ठेवायचे नाहीत. बांधून ठेवायला दोरी लागत नाही मैत्रिणींनो, एवढं पुरतं.

हे कुणी सांगितलं? त्या बायकांनीच सांगितलं, आणि ते लिहिलेलं आहे. मजुरीऐवजी माल देण्याच्या या पद्धतीविरुद्ध ब्रिटनमध्ये 1831 साली कायदा झाला होता, पण तो ठरावीक धंद्यांपुरता होता. शेटलंडहून तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारनं विल्यम गथ्री नावाच्या अधिकाऱ्याला चौकशीला पाठवलं. 1872 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, त्यानं लर्विकमध्ये साक्षी घ्यायला सुरुवात केली. मासेमार आले, दुकानदार आले, आणि विणणाऱ्या बायकाही आल्या. अधिकाऱ्यासमोर बसून एकेकीनं सांगितलं: मी किती शाली विणल्या, काय मिळालं, रोख मागितली का, मागितली तर काय उत्तर आलं. काहींनी तर सांगितलं की आम्ही रोख मागितलीच नाही, कारण मिळणार नाही हे ठाऊक होतं. प्रश्न आणि उत्तरं शब्दशः लिहून घेतली गेली आणि अहवालात छापली गेली. हजारो प्रश्नोत्तरं आहेत ती.

जरा विचार करा. दुकानदार त्याच गावातला. उद्या शाल त्यालाच विकायची. आणि आज त्याच्याविरुद्ध सरकारी माणसापुढे बोलायचं, तेही नाव सांगून. आम्ही ग्रामसभेत उभं राहताना पदर सावरत किती वेळ घालवतो, ते आम्हांला ठाऊक आहे. राणीच्या शालीची नोंद सगळ्यांकडे आहे. पण आमच्या मते शेटलंडच्या विणकामातली सगळ्यांत मोलाची नोंद ही, बायकांच्या तोंडच्या हिशोबाची.

याचा उपयोग झाला का? झाला, पण हळू. 1887 साली कायदा सुधारला. घरी बसून विणलेल्या, पाच पौंडांपेक्षा कमी किमतीच्या मालाचा मोबदलाही पैशातच द्यायला हवा, असं त्यात आलं. घरबसल्या काम करणारी बाईही कायद्याच्या नजरेत आली, ही मोठी गोष्ट. तरी दुकानदारांची सवय लगेच मोडली नाही. कागदावरचा कायदा आणि दुकानाचा गल्ला यांच्यात अंतर असतं. पुढे 1922 साली इंग्लंडच्या युवराजानं शेटलंडमधल्याच फेअर आयल बेटाच्या रंगीत नक्षीचा स्वेटर गोल्फ खेळताना घातला आणि त्या नक्षीची जगभर फॅशन आली. मागणी वाढली, पण मालाच्या बदल्यात माल हा व्यवहार तरीही पुरता संपला नाही. तो खरा मोडला दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा बेटांवर हजारो सैनिक आले. त्यांना थंडीसाठी स्वेटर हवे होते, घरी पाठवायला भेटी हव्या होत्या, आणि ते थेट बाईच्या हातात रोख पैसे ठेवत. मधला दुकानदार गळला. 1872 च्या साक्षींपासून मोजलं तर तोवर जवळजवळ सत्तर वर्षं गेली होती.

आपल्याकडेही ही गोष्ट अगदी परकी नाही. मजुरी चालू नाण्यांत किंवा नोटांत द्यायची, मालात नाही, हे आपल्या देशात 1936 च्या वेतन कायद्यानं सांगितलं. पण तो कायदा आधी कारखान्यांना आणि रेल्वेला लागू झाला. घरी बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत कायदा इथेही उशिराच चालत येतो.

आता आमची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या काहीजणींनी एका व्यापाऱ्यासाठी गोधड्या शिवल्या. पावसाळाभर, रात्री स्वयंपाक आवरल्यावर. दिवाळीच्या आधी पैसे मागायला गेलो, तर त्यानं साड्यांचा गठ्ठा पुढे केला. म्हणाला, सणाला लागणारच ना, घ्या आवडेल ती. आम्ही घेतल्या. रंग निवडताना आनंदही झाला, खोटं कशाला बोलायचं. घरी येऊन एकीच्या मुलीनं हिशोब मांडला, तेव्हा कळलं की त्याच साड्या तालुक्याच्या बाजारात बऱ्याच कमी भावानं मिळत होत्या. आणि मुलांच्या फीला पैसे हवे होते, ते राहिलेच. त्या दिवशी आम्हांला आमच्या भोळेपणाची लाज वाटली होती. शेटलंडच्या साक्षी समजल्या तेव्हा ती लाज गेली. ही एखाद्या बाईच्या अडाणीपणाची गोष्ट नाही, ही एक जुनी पद्धत आहे. माल पुढे करायचा, भाव आपण लावायचा आणि बाईला निवड केल्याचं समाधान द्यायचं. पद्धत ओळखता आली की तिला नाही म्हणता येतं. पुढच्या वर्षी आम्ही आधी दर ठरवला, वहीत लिहिला, दोघांची सही घेतली आणि पैसे गटाच्या खात्यात मागितले. व्यापारी कुरकुरला, पण त्यानं दिले.

आज शेटलंडमध्ये काय चित्र आहे? विणकाम टिकून आहे. 2010 पासून दर वर्षी शरदात, सप्टेंबरच्या शेवटी, तिथे लोकरीचा सप्ताह भरतो. जगभरातून विणणाऱ्या बायका येतात आणि म्हाताऱ्या बायकांकडून नक्षी शिकतात. संध्याकाळी ठिकठिकाणी बायका विणत, गप्पा मारत बसतात. दिवसा माळावरून आणि समुद्रकाठानं फिरायला जातात. ज्या वाटेनं पणजी पाठीवर पीट घेऊन विणत चालली, त्याच वाटेनं पणती मोकळ्या पाठीनं, हौसेनं चालते. परत आली की गरम कढण आहे, शेगडीची ऊब आहे, मांडीवर अर्धा विणलेला स्वेटर आहे, आणि तो कुणाला विकायचा, कितीला, की स्वतःलाच घालायचा, हे ठरवणारी तीच आहे.

ऊब तीच आणि लोकरही तीच. पण ऊब सुखाची व्हायला हातात हिशोब असावा लागतो, हे आम्ही या गोष्टीतून घेतलं.

आता तुमच्या गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं: घरकाम करता करता, चालता बोलता, मी असं कोणतं काम करते ज्यातून दुसरा कुणी पैसे मिळवतो? त्याचा दर कोण ठरवतं? मोबदला हातात रोख येतो, खात्यात येतो, की वस्तू येते? आणि तो वहीत लिहिलेला आहे का? उत्तरं गटाच्या वहीत उतरवून ठेवा. आज साधीच वाटतील. पण लर्विकच्या बायकांनाही 1872 साली आपली उत्तरं साधीच वाटली असतील.

थंडी पडू लागली आहे. सकाळी शेतावर जाताना कान बांधा, रात्री लेकरांना गरम काहीतरी द्या, आणि घटकाभर स्वतःसाठीही शेकोटीला बसा. पुन्हा भेटू. नमस्कार.